अकरा खोल्यांचं हॉटेल आणि मला न सांगितलेली बातमी

नीसला जायचं ठरलं ते शॉमबर्गच्या आमच्या स्वयंपाकघरात, एप्रिल उजाडला तरी बाहेर भुरभुर बर्फ पडत असताना. शिकागोकडे राहणाऱ्यांना यात काही नवल वाटणार नाही. डिशवॉशरमध्ये भांडी लावता लावता मी जाहीर केलं की समुद्र बघितल्याशिवाय मी काही पुढचा हिवाळा काढत नाही. मिलिंदने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, लॅपटॉपवरून मान वर न करता विचारलं, "फ्लोरिडा?" लग्नाला दहा वर्षं होत आली होती आणि हा माणूस मला अजून फ्लोरिडावर भागवत होता. मी म्हटलं, "फ्रान्स." त्याला आधी चेष्टाच वाटली. मग मी क्रेडिट कार्डावर साठलेले विमानाचे माइल्स दाखवले, तेव्हा त्याने लॅपटॉप बंद केला.

ही गोष्ट २००६ ची. 'नीसचं कधी लिहिणार?' अशा मेल तुमच्यापैकी काही जण तेव्हापासून पाठवताय, आणि मी दोन वर्षं टाळतेय. कारण आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना तुम्हाला कोड्यात टाकल्यासारखं होणार नाही. आमच्या सहलीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी सांगलीला माझे बाबा गेले. मिलिंदला ते काही तासांतच कळलं. मला कळलं ते शनिवारी, शॉमबर्गच्या घरी परत आल्यावर. मधले चार दिवस मी सुट्टी घालवत होते. तर या लेखात बसचे नंबर, खाणंपिणं, खोलीचं भाडं सगळं मिळेल, पण ते मी कशी लिहितेय हे लक्षात असू द्या.

आमच्यासारख्या भारतीय पासपोर्टवाल्यांना शेंगेन व्हिसा लागतो. शिकागोच्या फ्रेंच वकिलातीत अपॉइंटमेंट घ्या, पगाराच्या स्लिपा, हॉटेलचं बुकिंग, परतीचं तिकीट, सगळ्याच्या दोन-दोन प्रती न्या. आमची ईरा तेव्हा सात वर्षांची होती. तिचा जन्म इथला, त्यामुळे तिला व्हिसा नको. रांगेत ती मोठ्यांदा म्हणाली, "आय डोन्ट नीड वन, आई. ओन्ली यू गाइज!" पुढची माणसं हसली. मला आपलं उगाच ओशाळल्यासारखं झालं.

हॉटेल मी शोधलं होतं, आणि त्याचा मला भारी अभिमान होता. समुद्रापासून दोन गल्ल्या आत, चार मजली, फिकट पिवळ्या रंगाची इमारत. खोल्या फक्त अकरा. प्रत्येक खोलीचा रंग वेगळा, आमची निळसर करडी, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टमध्ये एक माणूस आणि एक बॅग मावते, दोन माणसं मावायची तर आधी भांडण मिटलेलं पाहिजे. भाडं नव्वद युरो, नाश्त्यासकट. नीसमध्ये मे महिन्यात याहून बरं काही मिळेल असं वाटत नाही. मालकीण मादाम ओदील, सत्तरीची, आखूड पांढरे केस, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला. हॉटेल तिच्या वडिलांनी सुरू केलेलं. इंग्रजी मोजकंच, पण नजर अशी की इंग्रजीची गरज पडू नये.

रविवारी दुपारी पोचलो. विमानतळ समुद्राला इतका खेटून आहे की उतरताना ईरा ओरडली, "वी आर लँडिंग इन द वॉटर!" बाहेर पडल्यावर ९८ नंबरची बस घ्या, ती समुद्राच्या कडेकडेने थेट गावात सोडते. टॅक्सीच्या नादाला लागू नका. तेव्हा गावात ट्रामचं काम चालू होतं, त्यामुळे अर्धे रस्ते खणून ठेवलेले. मला तर पुण्यात आल्यासारखंच वाटलं.

पहिल्या संध्याकाळी आम्ही आमचे गुण उधळले. अमेरिकेतून जाताना मी बॅगेत छोटा राइस कुकर टाकला होता. ईराला प्रवासात दोन दिवसांनी वरण-भात लागतो. पिनचा अडॅप्टरही आठवणीने घेतला होता. फक्त आपला कुकर एकशे दहा व्होल्टचा आणि तिकडची वीज दोनशे वीसची, हे दोन इंजिनिअरांच्या घरात कुणाच्या डोक्यात आलं नाही. बटण दाबलं, एक निळी ठिणगी उडाली, जळका वास आला आणि आख्ख्या मजल्याचे दिवे गेले. मादाम ओदील टॉर्च घेऊन वर आली. तिने कुकरकडे बघितलं, भिजवलेल्या तांदळाकडे बघितलं, मग ईराकडे. पातेलं उचललं आणि खाली निघून गेली. वीस मिनिटांनी तिच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातून शिजलेला भात आला, वर लोण्याचा गोळा. मिलिंद म्हणाला, "यार, ही तर आपल्यातलीच निघाली."

सोमवारी समुद्र. फोटो बघून जाणाऱ्यांना सांगून ठेवते, नीसच्या किनाऱ्यावर वाळू नाही, गोटे आहेत. रबरी चपला न्या, नाहीतर पाण्यात शिरेपर्यंत तुमचा नाच सगळे बघतील. पण पाण्याचा रंग! मी असा निळा कधी बघितला नव्हता. किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर निळ्या खुर्च्या मांडलेल्या असतात, फुकट. तिथे बसून मी चक्क तासभर काही केलं नाही. जुन्या गावात सोक्का खाल्ला, म्हणजे हरभऱ्याच्या डाळीच्या पिठाचं मोठ्या परातीत भाजलेलं धिरडं. वर मिरपूड. कांदा आणि कोथिंबीर घातली असती तर आपलंच. तीन माणसांचं पोट सहा युरोत भरलं.

दुपारी कोपऱ्यावरच्या फोनच्या खोक्यातून मी सांगलीला फोन लावला. आमचे अमेरिकन सेलफोन तिकडे चालत नव्हते, म्हणून तंबाखूच्या दुकानातून कार्ड घेतलं होतं. बाबांनीच उचलला. बाबा एसटीत वेळापत्रकाच्या खात्यात होते, पस्तीस वर्षं. जगातल्या कुठल्याही गावाबद्दल त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला.

"गावात बसची सोय कशी आहे?"

"चांगली आहे बाबा."

"दर किती मिनिटांनी? आणि तिकीट टप्प्याप्रमाणे की सरसकट?"

"बाबा, कार्ड संपतंय हो. दोन दिवसांनी सविस्तर सांगते."

"बरं बरं. बघून ठेव पण." असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. कार्डावर तेव्हा अजून अकरा मिनिटं शिल्लक होती. समुद्रावर परत जायची घाई मला झाली होती, ईराला नाही.

मंगळवारी सकाळी बाबा फिरून आले, आईकडे चहा मागितला आणि चहा येईपर्यंत खुर्चीतच गेले. आमच्याकडे तेव्हा पहाट व्हायची होती. सात वाजता सांगलीहून हॉटेलच्या फोनवर दादाचा, माझ्या मोठ्या भावाचा फोन आला. मिलिंदने निघताना सगळ्यांना हॉटेलचा नंबर मेल करून ठेवला होता. तो क्रोसाँ आणायला खाली उतरला होता, म्हणून मादामने फोन त्याच्या हातात दिला. हे सगळं मला नंतर कळलेलं. मला दिसलं ते एवढंच, की तो नाश्त्याचा ट्रे घेऊन वर आला, खाटेच्या काठावर बसला आणि म्हणाला, पोट बिघडलंय, मी आज काही खात नाही.

"कालचा सोक्का," मी म्हटलं. "तरी सांगत होते, तिसरा घेऊ नकोस."

तो हो म्हणाला. मग त्याने ट्रे माझ्याकडे सरकवला. "तू खा पण. नीट खा."

मी खाल्लं. खिडकी उघडून, पाय वर घेऊन, जर्दाळूचा जॅम लावून दोन क्रोसाँ खाल्ले. सांगलीत मे महिन्याचा उन्हाळा, त्यामुळे अंत्यविधीसाठी कुणाची वाट बघत थांबले नाहीत. पुढे मी वेळेचा हिशोब घातला. मी दुसऱ्या क्रोसाँला जॅम लावत होते तेव्हा दादाने अग्नी दिला होता. हा हिशोब मी घालायला नको होता, पण घातला.

त्या दिवसापासून मिलिंद फार चांगला वागायला लागला. एरवी दुकानाच्या दारातच घड्याळ बघणारा माणूस, मी बाजारात स्कार्फ उलटेपालटे करत अर्धा तास उभी राहिले तरी तो पिशवी धरून शेजारी उभा. मी म्हटलं हा महाग आहे, तर म्हणाला, घे ना. संध्याकाळी ईराला घेऊन तो एकटाच किनाऱ्यावर गेला आणि मला म्हणाला, तू पड जरा. मी मनात म्हटलं, दहा वर्षांनी का होईना, फ्रान्सचं पाणी लागलं.

मादाम ओदीलही बदलली. खोलीत आलो तर टेबलावर पांढऱ्या फुलांचा छोटा गुच्छ. ईराने विचारलं, "इज इट समबडीज बर्थडे?" मी म्हटलं, हॉटेल छोटं असलं की असं घरच्यासारखं असतं बाई. आणि या ब्लॉगसाठी वहीत टिपून ठेवलं: 'सेवा उत्तम, ताजी फुलं.' ती वही अजून आहे माझ्याकडे.

बुधवारी आम्ही मांतोंला गेलो, इटलीच्या हद्दीजवळचं लिंबांचं गाव. शंभर नंबरची बस जुन्या बसस्थानकावरून सुटते. जाताना उजव्या बाजूला बसा, सगळा समुद्र तुमचा. रस्ता कड्याच्या कुशीतून वळत जातो, खाली छोटी छोटी बंदरं, पांढऱ्या नावा, मध्येच मोनॅको येऊन जातं. दीड तासाचा प्रवास आणि तिकीट सरसकट एक युरो तीस, पुढच्या थांब्यावर उतरा की शेवटच्या. मी ते वाचलं आणि मला जो काही आनंद झाला! मी ड्रायव्हरच्या मागचं वेळापत्रक उतरवून घ्यायला लागले. दर पंधरा मिनिटांनी. रविवारी वीस.

"काय लिहितेयस?" मिलिंदने विचारलं.

"बाबांना सांगायचंय. खूश होतील बघ. आपल्याकडे असं सरसकट केलं असतं तर कंडक्टरचं किती काम वाचलं असतं, यावर पाऊण तास बोलतील."

तो खिडकीकडे वळला आणि मांतों येईपर्यंत वळलेलाच राहिला. मला राग आला. खरं सांगते, इतका राग आला की मी त्याला मांतोंच्या चौकात, लिंबांच्या ढिगासमोर उभं करून बोलले. "एवढ्या लांब आणून तोंड पाडून बसायचं असेल तर आपण फ्लोरिडालाच गेलो असतो. पोट दुखतंय तर औषध घे. नाहीतर निदान हसून माझा एक फोटो काढ."

"बॅटरी गेलीय," तो म्हणाला.

बॅटरी गेली नव्हती. घरी आल्यावर फोटो बघितले तेव्हा कळलं. सोमवारपर्यंत प्रत्येक फोटोत मी आहे, गोट्यांवर नाचताना, सोक्का खाताना, निळ्या खुर्चीत. मंगळवारनंतर लिंबं आहेत, नावा आहेत, ईराची पाठ आहे, दरवाजे आहेत. माझा एकही नाही. मला हसताना बघून त्याला बटण दाबवेना, असं तो नंतर म्हणाला. या एका गोष्टीसाठी मी त्याला तेव्हाही माफ केलं होतं. बाकीच्यासाठी नाही.

गुरुवारी सकाळी मी म्हटलं, सांगलीला फोन करून येते. तो ताडकन उठला. "कशाला? मेल टाक ना. दुपारचे झोपले असतील." मी म्हटलं, आता दीड वाजलाय तिकडे, बाबा जेवायला बसले असतील. त्याने बूट घालायला घेतले तोवर मी जिना उतरून गेले. खाली मादाम ओदील काउंटरमागून बाहेर आली, माझ्याकडे बघत थांबली, मग पुन्हा आत गेली.

फोन आईने उचलला.

"कशी आहेस गं?" तिने विचारलं. आवाज बसलेला होता.

"मस्त! तुझा आवाज असा का?"

"सर्दी. काल ताक प्याले."

"मे महिन्यात सर्दी? आणि एवढा गोंगाट कसला गं मागे?"

"आज भिशी आहे ना आपल्याकडे. बायका आल्यात." मग ती म्हणाली, "काय काय बघितलंस? सांग."

मी सांगितलं. हॉटेल, समुद्र, भाताचा किस्सा. ती मध्ये मध्ये हं म्हणत होती. मग मी म्हटलं, "बाबांना दे."

"ते बाहेर गेलेत जरा."

"एवढ्या उन्हात?"

"हो ना," आई म्हणाली. "ऐकतात का कुणाचं."

"बरं, मग त्यांना सांग, बस दर पंधरा मिनिटांनी आहे. आणि तिकीट सरसकट आहे म्हणावं, एक युरो तीस, कुठेही उतरा. विसरू नकोस हं. शब्दन् शब्द सांग."

"सांगते," आई म्हणाली. "अजून काय सांगू?"

"आल्यावर बोलते म्हणावं. आणि उन्हात टोपी घालत जा म्हणावं."

"बरं. सांगते. ते चपला घालून गेलेत का काय कोण जाणे. बोल ना अजून, कार्ड आहे का तुझ्याकडे?"

आई कधीच 'बोल ना अजून' म्हणत नाही. आयएसडीची घाई तिच्या हाडीमासी खिळलेली आहे, लोकांनी तिकडून फोन केला तरी ती 'चल ठेवते, बिल वाढेल' म्हणणार. त्या दिवशी कार्ड संपून फोन आपोआप बंद होईपर्यंत आम्ही बोललो. मी खोक्यातून बाहेर आले तर मिलिंद रस्त्यापलीकडे उभा होता, एका बुटाची नाडी सुटलेली. माझा हसरा चेहरा बघून तो खाली वाकून नाडी बांधायला लागला.

शुक्रवारी किल्ल्याच्या टेकडीवर गेलो. वर किल्ला नाही, नावच उरलंय, पण वरून सगळा किनारा कमानीसारखा दिसतो. पायऱ्या बऱ्याच आहेत, म्हाताऱ्या माणसांसाठी लिफ्टही आहे. बरोबर बारा वाजता वर तोफ उडवतात, रोज. आम्हाला ते माहीत नव्हतं. ईरा दचकून मला बिलगली आणि मी तिला कडेवर घेतलं. तेव्हा मी म्हणाले, पुढच्या वर्षी बाबांना आणि आईला इथेच घेऊन येऊ, बाबांना लिफ्टने वर आणू. मिलिंदने हो म्हटलं. त्याने हो म्हणायला नको होतं. दोन वर्षं मी त्याच्याशी जे भांडत आलेय, त्यातलं निम्मं या एका 'हो'वरून.

शनिवारी सकाळी निघताना मादाम ओदीलने माझे दोन्ही हात हातात घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत. मग दोन्ही गालांवर ओठ टेकवले आणि म्हणाली, "कूराज." म्हणजे 'धीर धर', हे मला नंतर कळलं. मी हसून मेर्सी म्हटलं. वाटलं, लांबच्या प्रवासाला निघालेल्यांना म्हणत असतील. मिलिंदकडे तिने बघितलं नाही. पुढे कधीतरी मिलिंदने सांगितलं, की मंगळवारी फोन झाल्यावर, हिला सांगू नका, अशी त्याने तिला विनंती केली होती. तेव्हा ती म्हणाली होती, "बातमी तिची आहे, तुमची नाही." म्हणजे मादामला माहीत, नाश्ता वाढणाऱ्या मुलीला माहीत, फुलं ठेवणारीला माहीत. अकरा खोल्यांच्या त्या घरात मी एकटीच सुखी होते. याची मला अजून लाज वाटते.

शिकागोच्या ओहेअर विमानतळावर उतरलो तेव्हा दुपार होती. हायवेला नेहमीची गर्दी. ईरा मागे झोपली होती. मी मिलिंदला सांगत होते, आता आठवडाभर बाहेरचं खायचं नाही. त्याने गॅरेजमध्ये गाडी लावली, पण उतरेना. मीच पुढे होऊन घराचं दार उघडलं.

आत पिठल्याचा वास होता.

मराठी घरात वाढलेल्या माणसाला यापुढे सांगावं लागत नाही. गेलेल्याच्या घरात चूल पेटत नाही, शेजारीपाजारी पिठलं-भात करून आणतात. आमच्या स्वयंपाकघरात शुभदाकाकू उभ्या होत्या, इथल्या मराठी मंडळातल्या, त्यांच्याकडे आमची जादा किल्ली असते. गॅसवर झाकलेलं पातेलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हातातला डाव खाली ठेवला.

"कोण?" मी विचारलं.

"बस आधी," शुभदाकाकू म्हणाल्या.

"काकू, कोण?"

मागून मिलिंद आला होता. त्याने सांगितलं. मी विचारलं, कधी. तो म्हणाला, मंगळवारी. मला वाटलं, मी ऐकण्यात चूक केली, कारण गुरुवारी मी आईशी बोलले होते आणि बाबा नुसते बाहेर गेले होते.

ईरा झोपेतून उठून दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं. "डॅड, यू न्यू?" ती म्हणाली. "द होल टाइम?" त्याने तिला जवळ घ्यायला हात पुढे केला, ती माझ्यामागे येऊन उभी राहिली.

रविवारी मी एकटी भारतात निघाले. विमान पॅरिसवरून. ज्या देशातून दोनच दिवसांपूर्वी निघाले, तिथेच परत उतरून चार तास बाकावर बसून होते. नीसहून मंगळवारीच बसवून दिलं असतं तर बुधवारी रात्री सांगलीत असते. मिलिंदचं म्हणणं, ईराच्या पासपोर्टवर भारताचा व्हिसा नव्हता, व्हिसाऐवजी चालणारं तिचं पीआयओ कार्ड शॉमबर्गच्या कपाटात होतं. आणि तसंही मी पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असणार होतं. मी म्हटलं, मला एकटीला पाठवता आलं असतं. मी पोचले ती आठव्या दिवशी. बाबांचा फोटो आधीच फ्रेम करून झाला होता. तो माझ्या आवडीचा नव्हता, आणि मला कुणी विचारलंही नव्हतं.

दादावर मी तेव्हा जे तोंड सोडलं ते सोडलंच. सगळं त्याने ठरवलं असणार, याबद्दल मला शंकाच नव्हती. लहानपणापासून माझ्या वतीने सगळं तोच ठरवत आलाय. तो खाली मान घालून ऐकत राहिला. तेराव्यानंतर मी परत आले, आणि दोन वर्षं आमचं बोलणं दिवाळीच्या शुभेच्छांवर आलं. मिलिंदशी एकाच घरात राहायचं असल्याने बोलणं भाग होतं, पण मांतोंच्या चौकातला राग मनात कुठेतरी उलटा होऊन बसला होता. तिथे मी त्याच्यावर चिडले होते आणि तो सगळं माहीत असून ऐकून घेत होता. त्याचाही राग यायचा.

या उन्हाळ्यात आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आलीय. गेल्या आठवड्यात दुपारी ईरा समर कॅम्पला गेलेली असताना ती कॉम्प्युटरसमोर बसून ईराने लावून दिलेले जुने फोटो बघत होती. नीसचे आले. मी उठून जाणार होते, तर ती म्हणाली, "तू फोन केलास ती जागा आहे का यात?"

नव्हती. मी सांगितलं, कोपऱ्यावर काचेचं खोकं होतं, समोर खणलेला रस्ता.

"दादाशी बोलत जा गं नीट," ती म्हणाली. "त्याचा काय दोष? तो तर तुला तेव्हाच सांगायचं म्हणत होता. हॉटेलात फोन लावला तो तुला सांगायलाच. मी त्याच्या हातून फोन घेतला. मिलिंदरावांना मीच गळ घातली, घरी पोचेपर्यंत तिला कळू देऊ नका म्हणून. माझी शपथ घातली त्यांना."

दोन वर्षं मी दोघांना बोलत होते, आणि दोघांपैकी एकानेही आईचं नाव घेतलं नव्हतं.

"माझी ट्रिप बिघडेल म्हणून?" मी विचारलं. "आई, ट्रिपचं काय घेऊन बसलीस?"

"ट्रिपसाठी नाही गं." ती स्क्रीनकडेच बघत होती. "तसं मी त्यांना सांगितलं खरं. पण तू फोन करशील हे मला माहीत होतं. तुझी वहिनी म्हणत होती, मी उचलते, तुम्हाला जमायचं नाही. मी म्हटलं, नाही, मीच घेणार. घरभर माणसं रडत होती. जो तो माझ्या पाठीवरून हात फिरवायचा. अख्ख्या जगात तू एकटी होतीस जी मला म्हणाली असतीस, बाबांना दे."

मी तिच्या खुर्चीशेजारी खाली बसले.

"तुझ्याकडे ते अजून होते," आई म्हणाली. "उन्हात गेले होते, टोपी घालायची होती त्यांना. तेवढा वेळ मलाही वाटलं, येतील आता. त्यासाठीच म्हटलं होतं, अजून चार दिवस असू देत. मग शनिवारी तुला सांगितल्याचा मिलिंदरावांचा फोन आला, आणि मी आत जाऊन त्यांच्या चपला उचलून ठेवल्या."